एका तासाची मुंबई

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या आमच्या भागात मुंबईला माणूस नाही असे घर शोधावे लागते. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा घरटी एक तरी माणूस लालबाग-परळला असायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायचे. शेतीला आधार, पोरांच्या शाळेची फी, बहिणीचे लग्न, सारे त्या मनीऑर्डरीवर. त्यामुळे मुंबई आमच्यापासून किती लांब आहे हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. एस. टी.त संध्याकाळी बसायचे आणि उजाडल्यावर उतरायचे, एवढी ती लांब.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, १९६८ साली वयाच्या विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, त्यांत तेही होते. संपानंतर पुष्कळांना गिरणीने परत घेतले नाही. तात्यांना दुसऱ्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून कसेबसे काम मिळाले. पुढे तीही गिरणी बंद पडली आणि ते गावी आले. एवढ्या वर्षांत त्यांनी मुंबई-गडहिंग्लज अशा किती फेऱ्या केल्या त्याची गणती नाही. पण त्यातली एक फेरी ते कधी विसरले नाहीत. ती कोणती, ते पुढे येईलच.

२०२४ च्या डिसेंबरात तात्यांच्या नातीचे लग्न घाटकोपरला ठरले. तात्यांचे वय शहात्तर. खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन होऊन सहाच महिने झालेले. डॉक्टरांनी बजावले होते की बारा तास एका जागी बसून प्रवास करायचा नाही. तात्या म्हणाले, "मग मी येत न्हाई. फोटो बघतो." नातवाने मुंबईहून परस्पर विमानाची दोन तिकिटे काढली आणि सोबत म्हणून मला सांगितले. मी एका कार्यालयात कारकून. तोवर मीसुद्धा विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेले. एका तिकिटाच्या पैशात आमच्या घरचा महिन्याचा किराणा भरतो, हा हिशेब पहिल्यांदा डोक्यात आला. तात्या तर दोन दिवस रुसून होते. "इमान आपल्यासाठी न्हाई," एवढेच म्हणायचे.

आदल्या रात्री माझी आठवीतली मुलगी नकाशाचे पुस्तक घेऊन बसली. "बाबा, मुंबई विमानाने किती लांब?" मी म्हटले, चल, काढू. वाचकांच्या मुलांनीही हे वहीत करून बघावे.

कोल्हापूर साधारण १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबईचे विमानतळ १९ अंश ५ मिनिटांवर. फरक २ अंश २५ मिनिटे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेला २६८ किलोमीटर. आता रेखांश. कोल्हापूर ७४ अंश १७ मिनिटे, मुंबई ७२ अंश ५२ मिनिटे. फरक १ अंश २५ मिनिटे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्या भागात एक अंश १०६ किलोमीटरच भरतो. त्या हिशेबाने मुंबई कोल्हापूरच्या पश्चिमेला १५० किलोमीटर. झाला काटकोन त्रिकोण! दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, तिचे वर्गमूळ. उत्तर आले ३०७. म्हणजे सुमारे ३१० किलोमीटर. वैमानिक सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या मापाने हे अंतर १६६ मैल होते. जवळच्या गावांना हे शाळेतले गणित पुरते. मुंबईहून अमेरिकेला जायचे असेल तर पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो.

हेच अंतर सडकेने सुमारे ३८० किलोमीटर आहे आणि रेल्वेने ५१८. रेल्वेचे इतके का वाढते? कारण गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाते, मग उत्तरेला वळून साताऱ्याकडून पुण्याला आणि तिथून बोरघाट उतरून मुंबईला. कोल्हापूर-मिरज हा फाटा शाहू महाराजांच्या काळात १८९१ साली सुरू झाला. तेव्हापासून कोल्हापूरची गाडी मुंबईला जायला आधी मुंबईकडे पाठ करते, असे म्हटले तरी चालेल.

मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "लहान जेट विमान तासाला साडेसातशे किलोमीटर जातं. मग तीनशे दहाला पंचवीस मिनिटं पुरतात. तिकिटावर जवळजवळ तास का लिहिलाय?" प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर मला विमानात बसल्यावर मिळाले, तेव्हा तेही पुढे.

सकाळी सातला आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. गडहिंग्लजची गंमत अशी की आम्हाला विमानतळ दोन आहेत. एक कोल्हापूरचे उजळाईवाडीला, दुसरे बेळगावचे सांबऱ्याला. नकाशावर पट्टी लावली तर दोन्ही आमच्यापासून पन्नास-पन्नास किलोमीटरच्या आसपास. सडकेने दोन्हीकडे साठ-सत्तर किलोमीटर पडतात. आणि कोल्हापूरला जायचे तरी आम्ही कर्नाटकातूनच जातो. संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळीचा नाका आणि मग कागलला परत महाराष्ट्र. एका जिल्ह्यातल्या तालुक्याहून त्याच जिल्ह्याच्या गावाला जाताना दुसरे राज्य ओलांडायचे. तात्या म्हणाले, "एस. टी.त बसलो की निपाणीत कुणीतरी चहा पाजायचं. तंबाखूचा वास आला की समजायचं, गाव मागं पडलं."

उजळाईवाडीचे विमानतळ आजचे नाही. राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली ते झाले आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे. पण विमानतळ असणे वेगळे आणि विमान असणे वेगळे. कितीतरी वर्षे इथे धावपट्टी होती आणि नेमाने येणारे विमान नव्हते. लहान शहरांसाठी 'उडान' ही सरकारी योजना २०१६ साली आली. सुमारे तासाभराच्या प्रवासाला काही आसनांचे भाडे २५०० रुपयांच्या आत ठेवायचे आणि कंपनीची तूट सरकारने भरून द्यायची, अशी ती योजना. त्यानंतर इथे पुन्हा हालचाल सुरू झाली. मुंबईची विमानसेवा मधे खंडित होऊन २०२२ मध्ये परत सुरू झाली. नवी इमारत मार्च २०२४ मध्ये उघडली. जुन्या वाड्यासारख्या कमानी आहेत तिला. तात्या काठी टेकून बराच वेळ त्या कमानींकडे बघत उभे राहिले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. सरकारी ओळखपत्र मूळ हवे आणि त्यावरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवे. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला चाकाची खुर्ची मिळते. तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. त्यात कमीपणा काही नाही. आमच्या पिशवीत संकेश्वरी मिरचीची चटणी, गूळ आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ होता. चटणी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती सामानात द्यावी लागते. चाकू, कात्री, काड्यापेटी घरीच ठेवावी. लग्नघरी न्यायचे म्हणून सुके खोबरे घेतले होते, तेही काढून ठेवावे लागले. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते म्हणून त्याला बंदी आहे. आम्ही ते गाडीवाल्याच्या हाती परत पाठवले.

विमान सुरू झाले, पण लगेच उडाले नाही. सावकाश धावपट्टीच्या टोकाला गेले, वळले, थांबले, मग धावले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान इथल्या जागेवरून हलले तेव्हापासून तिथल्या जागेवर थांबले तोपर्यंतची ती वेळ असते. त्यात जमिनीवर सरकणे आले, वर चढणे आले, उतरताना वेग कमी करणे आले. ३१० किलोमीटरच्या प्रवासात पूर्ण वेगाने जायला थोडीच मिनिटे मिळतात. विमान चढून होते तोवर उतरायची तयारी. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एका वेळी वेगवेगळ्या वापरता येत नाहीत. म्हणून मुंबईवर विमानांची रांग लागते आणि कधी कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. एस. टी. स्टँडबाहेर फलाट रिकामा व्हायची वाट बघत उभी राहते, तसेच.

कोल्हापूर-मुंबई अशी सरळ रेष नकाशावर ओढली तर ती कोयनेच्या शिवसागर जलाशयावरून जाते, महाबळेश्वरच्या पश्चिमेकडून घाट उतरते आणि रायगड जिल्ह्यातून मुंबईला पोचते. विमान अगदी रेषेवरून जातेच असे नाही, पण त्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि डोंगरांच्या मधे लांबच लांब पाणी दिसले. मी म्हटले, "तात्या, कोयना असावी." तात्यांनी खिडकीला कपाळ लावले. खंबाटकी नाही, कात्रज नाही, खंडाळा नाही. ज्या घाटांत त्यांची उभी हयात गेली ते घाट कुठल्या कुठे राहिले होते.

पाणी गेले, डोंगर गेले आणि कानात दडे बसू लागले. विमान खाली येत होते. तात्या खिडकीकडेच बघत हळूच म्हणाले, "एवढंच हुतं व्हय रं अंतर? एवढ्यासाठी मी आईच्या मातीला पोचलो न्हाई."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

विमान मुंबईला टेकले. ६ डिसेंबर होऊन आठवडाच झाला होता. तात्यांनी आपणहून विषय बदलला. म्हणाले, "बाबासाहेबांना दिल्लीहून आणलं ते इथंच." १९५६ सालच्या त्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने दिल्लीहून निघाले आणि पहाटे सांताक्रूझला पोचले. लोक अंधारात, थंडीत तिष्ठत उभे होते. ७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्कार झाले. आमचे आजोबा सांगायचे की आमच्या वस्तीत बातमी आली तेव्हा दादरचे सारे आटोपलेले होते. चालत निघावे म्हटले तरी कुणासाठी निघणार? वस्तीत त्या रात्री चूल पेटली नाही.

घाटकोपरला आम्ही दुपारी सव्वादोनला पोचलो. विमान पंचावन्न मिनिटांचे, पण आमच्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत सव्वासात तास लागले. गडहिंग्लजहून उजळाईवाडी, तिथले लवकर पोचणे, तपासणी, वाट बघणे, मुंबईला सामान घेणे, टॅक्सी, रस्त्यावरची गर्दी, सारे धरून. रात्रीच्या बसला हेच बारा-तेरा तास लागले असते. वाचले ते पाच-सहा तास, आणि तात्यांचा खुबा.

रात्री मांडवातली गडबड निवल्यावर तात्यांना झोप येईना. तेव्हा त्यांनी ती फेरी सांगितली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला अर्धीमुर्धी आठवत होती.

१९८८ साल. आज्जी रविवारी रात्री झोपली आणि सोमवारी पहाटे दोनला गेली. तार ऑफिसला माणूस जाऊन तार पडायला सकाळचे दहा वाजले. दुपारी तार खोलीवर आली तेव्हा तात्या दुसऱ्या पाळीला गेलेले. खानावळीच्या बाईंनी ती जपून ठेवली. पाळी संपवून तात्या रात्री बाराला आले तेव्हा त्यांच्या हातात पडली. रात्री गाडी नव्हती. आणि दुसरी गोष्ट, ज्याने ते छत्तीस वर्षे जळत होते. ते सकाळपर्यंत थांबले. बदली कामगाराने न सांगता पाळी चुकवली तर नाव कमी होण्याची भीती. संपानंतर मिळालेले काम, घरी पाच तोंडे. सकाळी गिरणीत जाऊन तार दाखवली, रजा मागितली, खोलीतल्या जोडीदारांकडून तिकिटाचे पैसे जमवले आणि दुपारी बाराची गाडी धरली. चौदा तासांनी, बुधवारी पहाटे दोनला, ते दारात उभे राहिले. मला आठवते ते एवढेच की बाहेर कुणीतरी मोठ्याने रडले आणि आईने मला कुशीत ओढले.

"रजा कशाला मागत बसलो?" तात्या म्हणाले. "रातीच निघाया पाहिजे हुतं. टरक धरून आलो असतो. नोकरीला बघितलं आन आईला सोडलं."

मी बी. कॉम. झालेला माणूस. मला दुसरे काही येत नाही, हिशेब येतो. खिशात विमानाचा तो कागद होता, बोर्डिंग पास. त्याच्या मागे मी लिहीत गेलो आणि मोठ्याने वाचत गेलो.

"तात्या, आज्जी गेल्यापासून तुम्ही दारात येईपर्यंत अठ्ठेचाळीस तास. त्यातले आठ तास तार पडेपर्यंत. चौदा तास तार तुमच्या हातात येईपर्यंत. बारा तास गाडी, रजा आणि पैशांसाठी. चौदा तास गाडीत. झाले अठ्ठेचाळीस. आता आज्जीला नेलं कधी?"

"सोमवारी सांजच्याला. पाच वाजता म्हणं."

"म्हणजे गेल्यापासून पंधरा तासांनी. उन्हाळ्याचे दिवस, त्याहून थांबता येत नव्हतं. आणि तुम्हाला तार मिळाली बावीस तासांनी. तात्या, तार तुमच्या हातात पडली तेव्हा आज्जीला नेऊन सात तास झाले होते. तुम्ही रात्रीच निघाला असता तरी पोचला नसता. दारात विमान उभं असतं तरी पोचला नसता."

तात्यांनी कागद हातात घेतला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे त्यांना चांगले कळतात. गिरणीत धाग्यांचा हिशेब ठेवलेला माणूस. बोट लावून त्यांनी एक-एक ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं न्हाई मला." थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला.

परतीच्या प्रवासात मी यावर विचार करीत होतो. आपण म्हणतो, विमानाने जग जवळ आले. ते खरे आहे, पण अर्धे. आमच्या घरापुरते बोलायचे तर चौदा तासांचे सात झाले, एवढे विमानाचे काम. बावीस तासांचा निरोप एका क्षणावर आला, हे फोनचे काम. तारेची सेवा तर जुलै २०१३ मध्ये कायमची बंदच झाली. पण मधले जे बारा तास होते, त्यांचे काय? गाडीचा खोळंबा सोडला तर ते बारा तास रजेचे आणि तिकिटाच्या पैशाचे होते. ते कुठल्या यंत्राने कमी होत नाहीत. आजही कंत्राटावर काम करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या पोराला आईच्या आजारपणात सुटी मागताना पोटात गोळा येतो. त्याला फोन क्षणात लागतो, विमान डोक्यावरून रोज जाते आणि तो मात्र तिथेच असतो.

एक आठवण नोंदवावीशी वाटते. टाटांच्या विमानसेवेचे पहिले उड्डाण १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाले. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला स्वतः विमान चालवत आणले. त्या विमानात प्रवासी नव्हते. टपाल होते. माणसे त्यातून फिरू लागली ती नंतर. आधी बातमी पोचली पाहिजे, मग माणूस, हा क्रम तेव्हाही होता.

म्हणून बंधू-भगिनींनो, विमान हे आपले नव्हे असे समजू नका. म्हाताऱ्या माणसाला, ऑपरेशन झालेल्याला, अडीअडचणीला ते वापरावे. दोन-तीन भावंडांनी मिळून पैसे घालावेत. तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते. पण 'एक तासात मुंबई' या बोलण्यावर जाऊ नका. हिशेब आपल्या उंबऱ्यापासून मांडा, मग ठरवा. आणि दुसरे, आपल्यातला जो कुणी लांब नोकरीला आहे त्याच्या गावी कधी काय होईल सांगता येत नाही. त्याच्यासाठी प्रवासापुरते पैसे बाजूला ठेवायची सवय घराघरात, मंडळा-मंडळात लागली पाहिजे. आमच्या वस्तीतल्या मंडळात आम्ही दहा-दहा रुपयांवर तशी पेटी सुरू केली आहे. पेटीची वही माझ्याकडे आहे.

तात्या आता बरे चालतात. परवा मुलगी शाळेचा नकाशा घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. तात्या तिला काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ मारून दाखवत होते. "ही आपली गडहिंग्लज. ही मुंबई. मधी हे डोंगर. गाडी अशी वळून जायची, आन इमान असं सरळ." मग थांबून म्हणाले, "किती गं, तीनशे दहा न्हवं?"

"तीनशे सात, आजोबा," ती म्हणाली.